दोन वाऱ्यांमधला डोंगर

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कात्रज मागे पडतो, खेड शिवापूर, चेलाडी फाटा, कापूरहोळ अशी नावं भराभर येऊन जातात आणि भोर तालुक्यातलं किकवी लागतं. पुढे सारोळ्याला नीरा ओलांडली की जिल्हा बदलतो. महामार्गावरून धावणाऱ्याला किकवी म्हणजे दोन मिनिटांचं गाव. थांबलाच तर चहापुरता. पण पंख लावून डोंगरावरून उडणाऱ्या माणसाच्या नजरेने हा टापू पाहिला तर इथे बराच वेळ रेंगाळावंसं वाटेल. उत्तरेला सिंहगडापासून पुरंदरकडे जाणारी भुलेश्वराची रांग. दक्षिणेला मांढरदेवपासून खंबाटकीकडे आलेले महादेवाचे डोंगर. पश्चिमेला राजगड, तोरणा, रायरेश्वर आणि त्यांच्यामागे सह्याद्रीचा मुख्य कणा. मधून नीरेचं खोरं पूर्वेला मोकळं सुटलेलं. तीन बाजूंना डोंगर, चौथी उघडी. वाऱ्याला असं रान मिळालं की तो दिवसभरात एका दिशेला टिकून राहत नाही.

उड्डाणाच्या नकाशावर किकवीचं नाव कामशेत किंवा पाचगणीसारखं ठळक नाही. महाराष्ट्रातल्या हँग ग्लायडिंगच्या जुन्या याद्यांमध्ये सिंहगड, तळेगाव, कामशेत ही नावं दिसतात. देवळालीच्या तोफखाना शाळेत लष्करातल्या लोकांनीही हा खेळ जोपासला. पुढे पॅराग्लायडिंग आलं. पाठीवर मावणाऱ्या कापडी पंखाने लांब ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या पंखाला मागे टाकलं आणि मावळात पवना धरणाच्या परिसरातले डोंगर सुट्टीच्या दिवशी रंगीबेरंगी झाले. पंख कुठलाही असो, त्याला उचलणारी हवा तीच. आणि ती कशी वागते हे समजून घ्यायला भोर-वेल्ह्याच्या कडेचा हा पट्टा फार चांगला आहे, कारण इथे एकाच डोंगराला सकाळी एक वारा भेटतो आणि दुपारनंतर दुसरा.

शिमग्याच्या आगेमागेचा एखादा कोरडा दिवस घेऊ. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असे दिवस पुष्कळ मिळतात.

पहाटे वारा जवळजवळ पडलेला असतो. निगड्याजवळच्या अनंतनगरला राजगड सहकारी साखर कारखाना आहे. तिथलं धुराडं पेटलेलं असेल तर त्याचा धूर थोडा वर चढतो आणि मग आडवा पसरून तिथेच थांबतो. गावातल्या चुलींचा धूरही तसाच. रात्रभर जमिनीने आपली उष्णता आकाशात सोडलेली असते, तिला चिकटलेली हवा थंड आणि जड झालेली असते, आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर बसलेला असतो. खालची हवा वर जाऊ शकत नाही. याला हवामानशास्त्रात तापमानाची विपरीतता म्हणतात. शाळेच्या भूगोलात हा शब्द येऊन जातो, पण तो खरा कळतो तो थंडीच्या सकाळी नीरेच्या खोऱ्यात साचलेलं धुकं डोंगरावरून पाहताना.

जमिनीलगतच्या हवेचा अभ्यास आणि पुणे यांचं नातं जुनं आहे. भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या चौकाला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात ते त्यामुळेच. मुख्यालय १९४४मध्ये दिल्लीला गेलं, पण खात्याची पुण्यातली कचेरी राहिली. इथेच १९३२च्या सुमारास एल. ए. रामदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. निरभ्र, शांत रात्री सर्वांत थंड हवा जमिनीला टेकलेली असायला हवी. पण मोजणी सांगत होती की सर्वांत थंड थर जमिनीपासून काही इंच, कधी फूटभर वर असतो. कित्येक वर्षं जगाने या निरीक्षणावर विश्वास ठेवला नाही. पुढे ते अनेक ठिकाणी खरं ठरलं आणि त्या थराला रामदास थर हे नाव मिळालं. उडणाऱ्याला या फूटभराचा थेट उपयोग नाही. जमिनीलगतची हवा आपल्या अंदाजाप्रमाणे वागत नाही, एवढं मात्र तो त्यातून घेऊ शकतो.

सकाळचा हा निवांत वेळ ग्लायडर जोडण्यात जातो. पाच-सहा मीटर लांबीची पिशवी जीपच्या टपावरून उतरते. आत पंचवीस ते पस्तीस किलोचा ऐवज असतो: मधली कण्याची नळी, दोन बाजूंच्या पुढच्या नळ्या, त्यांना ताणून धरणारी आडवी नळी आणि पॉलिएस्टरचं जाड, न ताणलं जाणारं कापड. पंख उघडला की कापडात शिवलेल्या खाचांमधून वाकवलेल्या पट्ट्या एकेक करून सरकवायच्या. डावीकडची प्रत्येक पट्टी उजवीकडच्या जोडीदाराशी मापून पाहायची, कारण वाकात फरक पडला तर ग्लायडर हवेत एका अंगाला ओढत राहतो. खाली त्रिकोणी चौकट. तिच्या आडव्या दांड्याला धरून उडवायचं. मग प्रत्येक तार बोटांनी चाचपायची. तारेचा एखादा धागा तुटला असेल तर तो डोळ्याआधी बोटाला लागतो.

ही चौकट इतकी साधी दिसते की ती कुणाला तरी सुचावी लागली असेल हे ध्यानातच येत नाही. अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी लवचीक त्रिकोणी पंखाचं पेटंट १९४८मध्ये मागितलं आणि १९५१मध्ये मिळवलं. अंतराळयान परत उतरवायला हा पंख वापरता येईल का, याच्या चाचण्या नासाने पुढे बऱ्याच केल्या. शेवटी नेहमीच्या पॅराशूटवर भागवलं. ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावच्या जॉन डिकेन्सन याने १९६३मध्ये तिथल्या वॉटर स्कीइंग क्लबच्या कार्यक्रमासाठी असाच पंख बनवला, आणि त्याखाली माणसाला झोक्यात टांगून समोर त्रिकोणी चौकट दिली. दांडा ओढला की शरीराचं वजन पुढे जातं, नाक खाली होतं, वेग वाढतो. ढकलला की उलट. डावीकडे सरकलं की डावीकडे वळण. सुकाणू नाही, पॅडल नाही. नासाचा सगळा खर्च एका बाजूला आणि ही गावातली युक्ती दुसऱ्या बाजूला ठेवली तर पुढची साठ वर्षं कोणती टिकली हे सांगायला नको. पुण्यात हडपसरला सरकारी ग्लायडिंग सेंटर आहे, तिथली ग्लायडर म्हणजे कॉकपिट असलेली, विंचने ओढून वर सोडायची पूर्ण विमानं. हँग ग्लायडर त्यांचा फार गरीब भाऊ.

नऊ-साडेनऊला उताराला ऊन लागतं. पूर्वेकडे तोंड केलेले उतार आधी तापतात, त्यांना लागलेली हवा हलकी होऊन उताराला धरून वर सरकू लागते. पाठ्यपुस्तकात यांना दरीय वारे म्हणतात, आणि रात्री उलट दिशेने घसरतात ते पर्वतीय वारे. याच्या जोडीला या दिवसांत सकाळचा मूळ वाराही बहुधा पूर्वेचाच असतो, अगदी मंद. त्यामुळे डोंगराच्या पूर्वेच्या सोंडेवर उभं राहिलेल्या माणसाला समोरून ताशी आठ-दहा किलोमीटरची झुळूक लागते. पुढच्या तारेला बांधलेली लोकरीची दोरी किंवा रिबीन हलते, पडते, पुन्हा हलते.

समोरचा वारा का हवा, हे एका सोप्या हिशेबात दिसतं. हँग ग्लायडरला हवेत तरायला पंखावरून ताशी साधारण तीस किलोमीटरने हवा वाहावी लागते. समोरून पंधराचा वारा असेल तर माणसाला धावावं लागतं ते उरलेल्या पंधराने, म्हणजे जरा जोरात पळत चार-सहा ढांगा. वारा पडलेला असेल तर पूर्ण तीस. पाठीमागून दहाचा वारा असेल तर चाळीस. उसेन बोल्टचा २००९च्या बर्लिनच्या विक्रमी शर्यतीतला सर्वाधिक वेग ताशी चव्वेचाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होता, आणि त्याच्या खांद्यावर तीस किलोचा पंख नव्हता.

टेक-ऑफच्या आधीचा शेवटचा सोपस्कार म्हणजे हँग चेक. पायलट हार्नेस अडकवून दांड्यामागे पालथा लोंबकळतो, सोबती नाक धरून ठेवतो, आणि दोघं मिळून पाहतात की कॅरॅबिनर, म्हणजे हार्नेस पंखाला जोडणारी कडी, खरंच अडकली आहे, पट्ट्याला पीळ नाही, पोट दांड्याच्या वर योग्य उंचीवर आहे. हे हास्यास्पद वाटेल इतकं साधं आहे, आणि या खेळातला सर्वांत भयंकर विसरभोळेपणा इथेच होतो. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ साली एका पर्यटकाला दोघांच्या उड्डाणात अडकवायचंच राहून गेलं. डोंगराची कड संपली तेव्हा तो ग्लायडरला हातांनी लटकत होता, आणि उतरेपर्यंतची दोनेक मिनिटं तसाच लटकत राहिला. मनगट मोडलं, जीव वाचला. त्या उड्डाणाची चित्रफीत जगभर पाहिली गेली, आणि शिकाऊंना ती अजूनही दाखवावी अशीच आहे.

पहिली उडी बहुधा छोटी होते. मंद वाऱ्यात डोंगरापुढची हवा पुरेशी उचलत नाही. पायलट सरळ पुढे तरंगत खाली उतरतो. चांगला ग्लायडर एक मीटर खाली येताना दहा ते पंधरा मीटर पुढे जातो, आणि मिनिटाला साठ-सत्तर मीटर उंची गमावतो. दोनशे मीटरच्या डोंगरावरून तीन-साडेतीन मिनिटं. एवढ्यासाठी तासभर जोडाजोड आणि त्याहून मोठी चढण! पण शिकणाऱ्यासाठी हीच उड्डाणं मोलाची. यात वारा कमी, चुकीला माफी जास्त.

अकराच्या सुमाराला चित्र बदलतं. जमीन तापते, पण सारखी तापत नाही. नांगरून टाकलेलं काळं रान, उघडा कातळ, डांबरी महामार्ग, गावातले पत्रे लवकर तापतात. नीरेकाठचा भिजवलेला ऊस थंड राहतो. गरम जागेवरच्या हवेचा फुगवटा तयार होतो आणि एखाद्या बांधाशी, उसाच्या कडेशी किंवा सोंडेच्या टोकाशी अडखळून सुटतो. हे थर्मल. सेकंदाला दोन-तीन मीटरने चढणारी हवा इथे नवलाची नाही, एप्रिलच्या दुपारी याहून जोरदारही मिळते. चढताना हवा दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने थंड होते, आणि तिच्यातल्या वाफेचे जिथे थेंब बनायला लागतात तिथे ढगाचा तळ दिसतो. जमिनीवरचं तापमान आणि दवबिंदू यांतल्या फरकाला सव्वाशेने गुणलं की तळाची उंची मीटरमध्ये येते. पारा अडतीसला आणि दवबिंदू बाराला असेल तर तळ सव्वातीन हजार मीटरवर, म्हणजे तोरण्याच्या माथ्याच्याही कितीतरी वर.

थर्मल दिसत नाही. त्याच्या खुणा दिसतात. माळावर वावटळ उठली, पाचोळा गिरक्या घेत वर गेला, की एक थर्मल सुटलं समजावं. घार पंख न हलवता गोल फिरत वर चाललेली असेल तर तिच्याखाली जाऊन आपणही फिरावं. अनुभवी पायलट कुठल्याही यंत्राआधी तिच्यावर विश्वास टाकतात. छातीला लावलेला व्हेरिओ पिंपिं करत चढ-उतार सांगतो, पण तो आपण आहोत तिथलंच सांगतो, घार शेजारचं सांगते.

याच थर्मलने या विद्येच्या आद्यपुरुषाचा बळी घेतला. जर्मनीच्या ओटो लिलिएंथालने १८९१पासून पाच वर्षांत सुमारे दोन हजार उड्डाणं केली. करकोच्यांचा पंख मोजून त्याने १८८९मध्ये पुस्तक लिहिलं होतं. बर्लिनजवळ पंधरा मीटरची कृत्रिम टेकडी उभारून घेतली, कारण मग कुठल्याही दिशेच्या वाऱ्यात उडता येई. वाऱ्याची दिशा बदलते या अडचणीवर डोंगरच गोल बांधण्याचा हा उपाय त्याच्या आधी कुणी केला नसावा. पण ९ ऑगस्ट १८९६ रोजी तो ऱ्हिनोच्या नैसर्गिक टेकड्यांवर होता, दिवस उन्हाचा होता. हवेच्या एका उसळीने ग्लायडरचं नाक वर गेलं, वेग तुटला, पंखाने हवा सोडली आणि तो पंधरा मीटरांवरून पडला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्याची चौकट काखेत धरायची होती, शरीर फारसं पुढे नेता येत नसे. दांडा झटकन ओढून नाक खाली घेण्याची सोय, जी डिकेन्सनच्या झोक्यात प्रत्येक शिकाऊ पोराला मिळते, ती त्याच्याजवळ नव्हती.

किकवीच्या दिवसातली खरी परीक्षा दुपारी साडेबारा ते तीनच्या दरम्यान येते. कोकण किनारा इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे. किनाऱ्यावर सकाळी उशिरा खारे वारे सुरू होतात, ते तापत्या पठाराकडे ओढले जातात, घाटातल्या खिंडींतून वर चढतात आणि उन्हाळ्यात दुपारनंतर, कधी संध्याकाळी, पुण्याच्या पट्ट्यात पोचतात. पुणेकरांना ती संध्याकाळची सुखद झुळूक वाटते. डोंगराच्या पूर्व उतारावर पंख घेऊन उभ्या असलेल्याला मात्र तो पाठीमागून येणारा वारा असतो.

आणि इथेच फसवणूक होते. पश्चिमेचा वारा वर सुरू झालेला असतो, पण पूर्वेचा उतार अजून गरम असतो. तिथून सुटणारं प्रत्येक थर्मल उतारावरची हवा वर ओढतं. त्यामुळे टेक-ऑफच्या जागी रिबीन समोरूनच फडफडते. दोन मिनिटं छान वारा, मग एकदम शांत, मग रिबीन उलटी. मग पुन्हा समोरून, आधीपेक्षा जोरात. घाईतला माणूस त्या जोरदार मिनिटाला उत्तम संधी समजतो. तो धावतो, उचलला जातो, आणि चाळीस मीटर पुढे गेल्यावर डोंगरावरून पलीकडे ओसंडणाऱ्या हवेच्या भोवऱ्यात सापडतो. नदीत मोठा धोंडा असला की त्याच्या खालच्या अंगाला पाणी गरगरतं, तसं हे. फरक एवढाच की पाण्यातला भोवरा दिसतो.

हा भोवरा आपल्या डोंगरांत विशेष कडक असतो, त्याचं कारण दगडात आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसले, त्यांतले कठीण थर उभे कडे होऊन राहिले, मऊ थर झिजून उतार झाले. म्हणून सह्याद्रीचे डोंगर गोलसर नसून पायऱ्यापायऱ्यांचे, सपाट माथ्याचे आणि धारदार कडेचे आहेत. ज्या कड्यांनी राजगड-तोरणा लढवायला सोपे केले, तेच कडे वाऱ्याला सुरळीत वाहू देत नाहीत. गोल टेकडीवरून हवा घसरते; कड्यावरून ती सुटते आणि मागे उलटून पडते. माथ्यावर कडेपासून आत उतरायला जाणाराही याच जाळ्यात अडकू शकतो.

मग खरं कसं ओळखायचं? रिबीन सोडून लांब पाहायचं. ढगांच्या सावल्या शेतांवरून कुठल्या दिशेला सरकतात ते पाहायचं. त्या वरच्या वाऱ्याबद्दल सहसा खोटं बोलत नाहीत. कारखान्याचा धूर खाली एका दिशेला आणि वर दुसऱ्या दिशेला वळलेला दिसला तर दोन वाऱ्यांची सीमा कुठे आहे हे आकाशातच काढून दाखवलेलं असतं. या दिवसांत भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत राब भाजतात. पेरणीआधी खाचरावर फांद्या, पाला, शेण पसरून तो पेटवायचा, ही इथल्या भातशेतीची जुनी रीत. शेतीशास्त्रज्ञ तिच्याबद्दल नाखूश आहेत आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे, पण डोंगरावरच्या माणसाला दरीदरीतून उठणारे हे धुराचे खांब म्हणजे फुकटची वेधशाळाच. पश्चिमेकडचे खांब एकामागून एक पूर्वेला कलायला लागले की खारा वारा किती दूर आला आहे हे मोजता येतं. मोबाइलवरचं वाऱ्याचं ॲप उपयोगी आहे, पण त्याचं गणित काही किलोमीटरच्या चौकटींवर चालतं. एका सोंडेच्या पुढे आणि मागे काय चाललंय हे त्या चौकटीत मावत नाही.

पाठवारा लागला की शहाणा पायलट ग्लायडरचं नाक जमिनीला टेकवून बसतो. किंवा गुंडाळून पश्चिमेच्या कडेला नेतो. हे लिहायला एक ओळ लागते. प्रत्यक्षात पहाटे चारला उठून, सुट्टी खर्चून आलेल्या माणसाला ते फार जड जातं, आणि सोबतचा कुणी आधीच उडाला असेल तर आणखी जड. अपघातांच्या हकिकती वाचल्या तर त्यांतल्या पुष्कळ उड्डाणांचा निकाल जमिनीवर असतानाच लागलेला दिसतो.

चारनंतर, वारा पश्चिमेला एकदा स्थिर झाला की, दिवसाचं सर्वांत सुंदर उड्डाण मिळू शकतं. दुपारच्या उन्हाने पश्चिमेचे उतार तापलेले, त्यांवर काटकोनात आदळणारा ताशी वीस-पंचवीसचा वारा. आडव्या रांगेला वारा तीसेक अंशांच्या आत समोरून लागला तर तो कड्यापुढे उसळून वर जातो आणि उचलत्या हवेची लांबलचक पट्टी बनते. तीत ये-जा करत तासन् तास राहता येतं. समुद्रावरून आलेली गार हवा पठारावरच्या गरम हवेखाली घुसते तिथे आणखी एक गंमत होते. दोन हवांच्या सीमेवर गरम हवा वर ढकलली जाते आणि ढगांची एक ओळ उभी राहते. अशा ओळीखालून पायलट न फिरता सरळ जाऊ शकतात. मोठी अंतरं अशाच रचलेल्या आकाशात कापली जातात: हँग ग्लायडरचा ७६४ किलोमीटरचा विक्रम जुलै २०१२मध्ये टेक्सासमधल्या झापाटाहून निघून झाला. म्हणजे जवळपास पुण्याहून बंगळूरूपर्यंतचं हवाई अंतर, इंजिनाशिवाय.

पण वीसचा वारा तीस झाला तर? वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो; वेग दीडपट तर जोर सव्वादोनपट. झाडांच्या बारीक फांद्या सतत हलताहेत तोवर ठीक. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडू लागले, की ब्यूफोर्टच्या मोजमापात तो ताशी वीस ते अठ्ठावीसच्या घरात गेला. शिकाऊंनी तिथे थांबावं. वारा पंखाच्या वेगाइतका झाला की ग्लायडर जमिनीच्या हिशेबाने जागच्या जागी उभा राहतो, त्याहून वाढला की मागे, कड्याच्या वरून, भोवऱ्याकडे जातो.

एप्रिल सरताना आणि मे महिन्यात आणखी एक पाहुणा येतो, वळीव. दुपारी पुरंदरच्या बाजूला फुलकोबीसारखा ढग वाढताना दिसला की अंतर कितीही वाटो, उतरायची वेळ झाली. असा ढग खालची हवा शोषून घेतो आणि मग गार हवा जमिनीवर ओततो. ती काही किलोमीटर पुढे धावते आणि शांत खोऱ्यात मिनिटाभरात धुळीची भिंत येते. फेब्रुवारी २००७मध्ये ऑस्ट्रेलियात मॅनिला इथे जर्मन संघाची पॅराग्लायडर एवा विश्निएर्स्का अशाच ढगात खेचली गेली आणि ९,९४६ मीटरपर्यंत पोचली. बर्फाने झाकलेली, अर्ध्या तासाहून जास्त बेशुद्ध, आणि तरी जिवंत उतरली. त्याच ढगाने एका चिनी पायलटचा जीव घेतला.

उतरणं हा वेगळाच धडा. जमिनीजवळ झाडं, घरं, बांध वाऱ्याला अडवतात, म्हणून तीस मीटरवरचा वारा आणि डोक्याइतक्या उंचीवरचा वारा यांत मोठा फरक असतो. खाली येताना समोरचा वारा अचानक कमी होतो आणि पंखावरचा वेग तुटतो. त्यासाठी शेवटच्या टप्प्यात दांडा ओढून जादा वेग ठेवायचा, आणि पाय टेकायच्या क्षणी दोन्ही हातांनी नाक जोरात वर ढकलायचं. किकवीच्या परिसरात याला जागाही नीट निवडावी लागते. महामार्गाच्या कडेने विजेच्या तारा जातात आणि त्या वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांबांच्या मधे तार आहेच असं धरून चालायचं. उभ्या उसात उतरणं म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान आणि पंखाची मोडतोड. कापणी झालेलं, थोडं चढतं रान उत्तम, मालकाला आधी विचारलेलं असेल तर आणखी उत्तम.

जूनमध्ये हे सगळं बंद. पश्चिमेचा मोसमी वारा घाटमाथ्यावर उभं राहू देत नाही, ढग डोंगरावर टेकतात, कामशेतच्या पॅराग्लायडिंगच्या शाळाही ऑक्टोबरपर्यंत पंख गुंडाळून ठेवतात.

ज्यांना हे वाचून उडावंसं वाटलं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे, पुरंदरवर लष्करी हद्द आहे. आपल्याला वाटेल त्या टेकडीवरून वाटेल तेव्हा उडी मारता येत नाही, परवानगीची चौकशी आधी करावी. आणि सुरुवात किकवीच्या बाजूला करू नये. दुपारी दिशा बदलणारा वारा, कड्यांचे माथे आणि महामार्गालगतच्या तारा हे शिकाऊचं मैदान नव्हे. कामशेतला जावं, शिक्षकाच्या देखरेखीखाली लहान टेकडीवर पंख हाताळायला शिकावं, आणि या खोऱ्यात यायचंच असेल तर पहिल्या हंगामात पंख घरी ठेवून, नुसती वही घेऊन, सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत दर अर्ध्या तासाने वाऱ्याची दिशा लिहून काढावी.